नागपुरात सटकलेल्या रॉकवाल्याचं पोर्ट्रेट शूट: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

लग्नं, मुंजी, प्री-वेडिंग करून हात बसलेला असतो आणि मग एक दिवस फोन येतो, "भाऊ, आमच्या बँडच्या गिटारवाल्याचे फोटो पाहिजे होते, पण पोरगा थोडा वेगळा आहे." थोडा वेगळा म्हणजे काय ते फोनवर कोणी सांगत नाही. रात्री दोनला मेसेज करणारा, मे महिन्यात लेदर जॅकेट घालणारा, लेन्सकडे बघ म्हटलं की बरोबर उलटीकडे बघणारा, यातलं काहीही असू शकतं. मी असे बरेच शूट केलेत, आता नवीन पोरं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. विक्षिप्तपणा त्याच्याकडे ढिगाने आहे, तुम्ही आपल्या खिशातून त्यात भर घालू नका. धूर, लाल-निळे लाइट, साखळ्या, कवट्या हे सगळं आणून ठेवलं की फोटोत सामान दिसतं, माणूस हरवतो. १९७४ साली बॉब ग्रुएन या फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या एका गच्चीवर बीटल्सवाल्या जॉन लेननचा फोटो काढला, बाह्या कापलेला साधा टी-शर्ट, गोल चष्मा, हाताची घडी, मागे बिल्डिंगा. बस. पन्नास वर्षं झाली, अजून लोक तो फोटो टी-शर्टवर छापून घालतात. तुमचा सेटअप जितका साधा आणि जितका आधीपासून तयार, तितका तुमचा माणूस मोकळा.

१. आधी भेटा, कॅमेरा घरी ठेवून

ही पायरी सगळे गाळतात, काऊन तर वेळ नाही. वेळ काढा. फुटाळा तलावावर नका भेटू, तिथे त्याचे दहा मित्र भेटतील आणि तो त्यांच्यासाठी ॲक्टिंग करत बसेल. त्याच्या घरी किंवा जिथे बँड प्रॅक्टिस करतो त्या खोलीत जा. चहा घ्या, ऐका, आणि गुपचूप चार गोष्टी बघून ठेवा: तो कोणत्या बाजूने भांग पाडतो किंवा केस कुठे टाकतो, डोळ्यावर गॉगल कायमचा आहे की फक्त बाहेर, हात कुठे ठेवतो, आणि गप्प बसलेला असताना चेहरा कसा दिसतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, काऊन तर तोच चेहरा तुम्हाला नंतर पाहिजे आहे.

विचारायचं काय? पहिली गिटार कुठून आली, कोणाच्या पैशाने आली, कोणता ड्रमर सोडून गेला, घरी काय म्हणतात. अशा प्रश्नांना माणूस खरं बोलतो. काय विचारायचं नाही तेही ऐका: "लग्नात वाजवता का?", "ऑर्केस्ट्रा आहे का तुमचा?", "एखादं मराठी गाणं होऊन जाऊ द्या". हे त्याने जन्मभर ऐकलेलं आहे आणि तिथेच त्याचं शटर पडते, तुमचं उघडायच्या आधी.

आणि त्याची कल्पना काय आहे ते पूर्ण ऐकून घ्या, कितीही वेडी असो. लगेच नाही म्हणू नका, लगेच होही म्हणू नका. माझ्याकडे एकाने सांगितलं होतं, मला बडग्या करून फोटो काढ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी मारबत, सोबत बडग्यांचे पुतळे, आणि लोक ओरडतात ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. तर या भाऊला स्वतः बडग्या व्हायचं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

२. पैसे आणि कागद

कंटाळवाणं आहे पण वाचा. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नाही. बऱ्याच फोटोग्राफरना उलटंच वाटतं, "क्लिक मी केलं म्हणजे माझा". नाही भाऊ. म्हणून शूटच्या आधी एका पानावर लिहून सह्या घ्या:

- फोटोचा मालक कोण, आणि तुम्हाला पोर्टफोलिओत, इन्स्टावर टाकता येतील का
- बँड कुठे वापरणार, पोस्टर, अल्बम कव्हर, टी-शर्ट विक्री (टी-शर्टचं वेगळं लिहा, तिथे पैसे असतात)
- किती दिवसांसाठी आणि कुठल्या देशात. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत
- फोटोखाली तुमचं नाव येणार का
- किती एडिट केलेले फोटो द्यायचे, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) देणार नाही हे स्पष्ट
- ॲडव्हान्स. अर्धे आधी

रॉकवाला कागद बघून नाक मुरडेल, सिस्टिमच्या विरोधात आहे ना तो. तुम्ही हसून पेन द्यायचा. सोबत लागतं ते: दोघांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, रिलीज फॉर्म (म्हणजे माझे फोटो वापरायला हरकत नाही असं त्याच्या सहीचं पत्र), जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं दोन ओळींचं परवानगीपत्र, आणि लाइट भाड्याने घेणार असाल तर दुकानदार बहुतेक आधार कार्ड आणि डिपॉझिट मागतो ते.

३. जागा

नागपुरात जागांची कमी नाही, परवानगीची आहे.

महाल-इतवारीतले जुने वाडे, लाकडी दरवाजे, उडालेला निळा चुना, हे सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त. घरमालकाला आदल्या दिवशी भेटून विचारा, शूटच्या दिवशी दारात उभं राहून नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या बंद शेडच्या भिंती रविवारी मस्त मिळतात, चौकीदाराशी बोलून. कोराडी रोडने जाताना थर्मल वीज केंद्राचे मोठमोठे कुलिंग टॉवर दिसतात ना, ते मागे घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, तर दूरच्या सार्वजनिक रस्त्यावरून लांब लेन्सने घ्या, गेटजवळ ट्रायपॉड लावायचा नाही, तो प्रकल्प आहे आणि सिक्युरिटी येते. रेल्वे स्टेशन, मेट्रो स्टेशन, दोन्हीकडे परवानगीशिवाय असलं शूट नको. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, तो विषयच सोडा. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा आधी बघा, विमानतळ शहराला चिकटून आहे.

सार्वजनिक बागेत एकट्या कॅमेऱ्याला कोणी काही म्हणत नाही, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करायला लाइटवर लावायची कापडी पेटी) उघडला की गार्ड येतो. लाइटची छत्री दिसली की त्याला पिक्चरची शूटिंग वाटते.

आणि एक, त्याला ॲम्प (गिटारचा स्पीकर) चालू करूनच फोटो काढायचे असतील (असतातच), तर रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत स्पीकर बंद म्हणजे बंद. शेजारचे काका पोलिसांना फोन करतात आणि बरोबरच करतात.

माझी आवडती जागा मात्र त्याची स्वतःची खोली. का ते सहाव्या पायरीत.

४. वेळ आणि ऊन

एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर शूट ठेवणाऱ्याला मी काही बोलत नाही, नागपूर स्वतः बोलते. ४५ डिग्रीत काजळ गालावर येतं, कॅमेरा गरम होऊन बंद पडतो, आणि बंद कारमध्ये ठेवलेल्या गिटारचा गोंद सुटू शकतो, तो दोष तुमच्यावर येणार. उन्हाळ्यात सकाळी उजाडताच किंवा सरळ घरात. पण हे लोक सकाळी उठत नाहीत हे गृहीत धरा.

सोन्यासारखा उजेड पाहिजे तर डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो, मेच्या शेवटी पावणेसात-सातपर्यंत टिकतो. याचा अर्थ हिवाळ्यात त्याला चारची वेळ द्यायची असेल तर अडीच सांगा. थापा नाहीत, अनुभव आहे.

खाण्याचं पण बघा. शूटच्या आधी तर्री पोहे नाही. पांढऱ्या टी-शर्टवर तर्रीचा एक थेंब, आणि मग फोटोशॉपमध्ये तुमची अर्धी रात्र. शूट झाल्यावर खुशाल.

५. सामान

- कॅमेरा, आणि ८५ मिमी लेन्स. क्रॉप सेन्सर असेल तर साधी ५० मिमी एफ १.८ पुरते, ती तिथे ७५-८० सारखी वागते
- एक फ्लॅश किंवा स्ट्रोब (मोठा फ्लॅश), तो कॅमेऱ्यावरून उडवायचा ट्रिगर, एक सॉफ्टबॉक्स किंवा छत्री, एक स्टँड. एकच. दुसरा लाइट आणला की दोन्ही लावायची खाज सुटते
- पांढरा फोम बोर्ड, आणि त्याच मापाचा काळा
- तीन-चार मीटर काळं मखमल, गांधीबागच्या कापड बाजारात घ्या. साधं काळं कापड चमकतं, मखमल उजेड पिऊन टाकतं
- गॅफर टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, जास्तीच्या बॅटऱ्या, दोन मेमरी कार्ड
- टिश्यू, कॉम्पॅक्ट पावडर, ब्लॅक टेप (टी-शर्टवरचे लोगो झाकायला), सेफ्टी पिना
- गिटारच्या तारांचा एक सेट. तो विसरतो. तुम्ही काढून दिला की त्या क्षणापासून तुम्ही त्याचे भाऊ

बर्डीच्या बाजारात जाऊन महागडं काही उचलायची पहिल्याच शूटला गरज नाही, स्ट्रोब भाड्याने मिळतो.

६. लाइट आधी, माणूस नंतर

या पायरीवर शूट जिंकता किंवा हरता. असल्या माणसाचं लक्ष फार वेळ टिकत नाही. तो येऊन उभा राहिला आणि तुम्ही तिकडे स्टँडचे स्क्रू फिरवत बसलात, की तो बोअर झाला, गिटार घेऊन कोपऱ्यात गेला, संपलं. म्हणून तो यायच्या आधी मित्राला किंवा झाडूला टोपी घालून त्याच्या जागी उभं करा आणि सगळं सेट करून ठेवा.

सेटिंग अगदी साधं. लाइट चेहऱ्याच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशात, डोळ्यांच्या थोडा वर, खाली झुकलेला. दुसऱ्या बाजूला काळा बोर्ड लावला तर तो गाल अंधारात जातो, पांढरा लावला तर उघडतो. रॉकवाल्याला आधी काळा लावून बघा. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० किंवा त्याहून सावकाश (बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश त्याच्या आसपासपर्यंतच जुळतो, पुढे गेलात की फोटोत काळा पट्टा), एफ ४ किंवा ५.६, आयएसओ १००-२००. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, हाताने ५५०० केल्व्हिन ठेवा, नाहीतर रंगवलेल्या चेहऱ्यावर ऑटो येड्यासारखा करतो.

आता छोट्या खोलीची युक्ती. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. लाइट चेहऱ्यापासून १ मीटर आणि भिंत लाइटपासून ३ मीटर असली की भिंतीवर नववा हिस्साच उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) थोडा जास्तच फरक. मामीच्या घरची पांढरी भिंतसुद्धा काळसर राखाडी होते. म्हणून लाइट जवळ आणा आणि माणसाला भिंतीपासून लांब. नवे लोक उलटं करतात, लाइट लांब नेतात, माणसाला भिंतीला टेकवतात, आणि मग फोटो पासपोर्टचा येतो.

फ्लॅश नसेल आणि खोलीतल्या एलईडीवरच काढायचं असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, दुसऱ्या शटरला आडवे पट्टे येतात. सायलेंट शटर तर बिलकुल नको.

वाऱ्याची मशीन पाहिजे? घरातला कूलर घ्या, पाणी काढा, मागच्या-बाजूच्या गवताच्या जाळ्या काढून ठेवा, पंखा फुल. नागपुरात प्रत्येक घरी असलेली ही विंड मशीन आहे आणि कोणी वापरत नाही. पाणी नक्की काढा, नाहीतर गिटार, ॲम्प, एक्स्टेन्शन बोर्ड आणि शिंतोडे असं कॉम्बिनेशन होते.

तर तो बडग्या. आला तो गळ्यात फुटलेली झांज, जुन्या कॅसेटींच्या उसवलेल्या रिळी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तोंड हळदीसारखं पिवळं. कूलर लावला तर त्या रिळी अशा फडफडल्या, तपकिरी चमकदार, सळसळ आवाज करत, की मला पण मजा आली. ओरडला, नाचला, जीभ काढली, सगळं काढलं. त्याची आई दारातून पाहून राहिली होती, शेवटी म्हणाली, "झालं का तुझं? पोहे थंडे होऊन राहिले." मी म्हटलं काकू, हा पांढरा बोर्ड जरा धरता का, इथे, हाव, बस असाच. त्या धरून उभ्या राहिल्या आणि हा पिवळ्या तोंडाने, अर्धी रीळ कानात अडकलेली, आईकडे वैतागून बघत होता. तोच फोटो बँडने घेतला. लाइट आधीपासून तयार होता म्हणून तो मिळाला, नाहीतर मी तेव्हा छत्री उघडत असतो.

म्हणून म्हणतो, त्याची खोली. तिथे त्याला ओळखणारी माणसं असतात.

७. तो समोर आल्यावर

त्याची वेडी कल्पना पहिले करून टाका, मन लावून. खोटं खोटं क्लिक करू नका, त्याला कळतं. ते झालं की अंगातली वाफ जाते, खांदे खाली येतात. मग "पाच मिनिटं आराम" म्हणा आणि कॅमेरा हातातच ठेवा.

पोज सांगू नका, काम सांगा. "ॲटिट्यूड दे" म्हटलं की सगळे एकच तोंड करतात. त्याऐवजी गिटार ट्यून कर म्हणा, जॅकेटची चेन लाव म्हणा, तो नवा रिफ (गाण्यातली परत परत येणारी गिटारची धून) परत वाजव म्हणा. हातात काम आलं की चेहरा आपोआप खरा होतो.

गॉगल काढायचा हट्ट करू नका. गॉगलमध्ये तुम्ही आणि तुमची छत्री दिसत असेल तर काड्या कानावर किंचित वर उचलायला सांगा म्हणजे काचा खाली झुकतात, किंवा लाइट अजून वर घ्या. फोकस काचेतल्या प्रतिबिंबावर जाऊन बसतो, तो गॉगलच्या फ्रेमवर आणा.

मित्र एकच आत येऊ द्या. पाच आले की प्रत्येकजण मोबाइलवर रील काढतो, आणि हा कोणत्या कॅमेऱ्याकडे बघणार?

वाइड लेन्स जवळ नेऊन नाक मोठं करायची हौस असेल तर शेवटी, त्याला सांगून. आणि नशेत असेल तर शूट पुढे ढकला, दुसऱ्या दिवशी तेच फोटो बघून तोच तुम्हाला शिव्या देईल.

८. गिटारचा अपमान करू नका

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बाजूला सरकवायलाही नाही. ती चकचकीत असते, लाइट सरळ पडला की पांढरा डाग येतो, तिला दोन बोटं इकडे तिकडे फिरवली की जातो. बोटं खऱ्या कॉर्डवर असू द्या, उगाच ठेवलेली बोटं प्रत्येक गिटारवाल्याला दिसतात आणि तो कॉमेंटमध्ये लिहितो. इलेक्ट्रिक गिटारला केबल लावलेली असू द्या. आणि एडिट करताना फोटो कधीही आरशासारखा उलटा करू नका, उजव्या हाताने वाजवणारा डावखुरा होतो, टी-शर्टवरची अक्षरं उलटी होतात, बँडची इज्जत जाते.

९. फोटो निवडणं आणि देणं

त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा. मग एक रात्र जाऊ द्या. हललेले, फोकस सुटलेले फोटो लगेच डिलीट करू नका. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पेनी स्मिथने बास गिटार स्टेजवर आपटणाऱ्या, द क्लॅश बँडच्या पॉल सिमोननचा फोटो काढला होता, तिला स्वतःला तो फोकसमध्ये नाही म्हणून वापरायचा नव्हता, बँडने तोच अल्बमच्या कव्हरला घेतला आणि रॉकच्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोंमध्ये तो आला. लग्नाच्या फोटोत चालत नाही ते इथे कधीकधी चालतं.

स्किन स्मूद करायची सवय मात्र बंद. खड्डे, घाम, पिवळे दात राहू द्या, बोटांवरचे तारांचे घट्टे तर मुद्दाम शार्प करा.

त्याला सगळे फोटो दाखवू नका, वीसेक निवडून दाखवा. सगळे दाखवले तर तो जीभ काढलेलेच घेतो. आवडला नाही तर तो रात्री दोनला लांबलचक व्हॉइस नोट पाठवेल, सकाळी ऐका आणि कागदावर लिहिलेले असतील तितकेच बदल करा. छापायच्या फाइल ३०० डीपीआयवर, इन्स्टाच्या वेगळ्या, दोन फोल्डर. वॉटरमार्कवाले प्रीव्ह्यू व्हॉट्सॲपवर चालतील, फायनल फाइल मात्र ड्राइव्हच्या लिंकनेच, काऊन तर व्हॉट्सॲप फोटो चुरगाळून टाकते. आणि लिंक उरलेले पैसे आल्यावर.